टाकीपाशी बंद पडणारी गाडी

नव्याने ट्यूनिंग करून आणलेली माझी मोटरसायकल रोज संध्याकाळी एकाच ठिकाणी बंद पडत होती, आणि मी त्याबद्दल आठ दिवस कोणाकडेही तक्रार केली नाही. मला ओळखणाऱ्यांना यातली गोम लगेच कळेल. हॉटेलात चहा कोमट आला तर मी मालकाला बोलावतो. एसटी पाच मिनिटं उशिरा सुटली तर खिडकीत जाऊन तक्रारवही मागतो. असा माणूस आठ दिवस गप्प बसला, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

मी यवतमाळच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी आणि तिच्या खाली मी, अशी आमची जोडी बरीच वर्षं टिकून आहे. घरी पाटी नाही, पण मी आहे. ताटात चमचा पडला की माझं बोट ओठांवर जातं आणि तोंडातून 'श्श्' निघतं. सवयच झाली आहे. एकदा तर मामेभावाच्या लग्नात बँडवाल्यांकडे पाहूनही मी 'श्श्' केलं होतं. (त्यांनी आवाज वाढवला.)

माझी गाडी मात्र पाटीला जुमानत नव्हती. बारा वर्षांची गाडी, सायलेन्सरला खालून भोक, इंजिनातून खडखड. सुरू केली की भट्टीत चणे फुटल्यासारखा आवाज! एक दिवस प्राचार्यांनी मला गाठलं आणि हसत हसत म्हणाले, "सर, आत पाटी तुमची, आणि खिडकीखाली ही फटफटीही तुमचीच!"

आजूबाजूला चार प्राध्यापक होते. चौघेही हसले. मी त्याच संध्याकाळी गाडी लोहारा रोडला गजूमिस्त्रीकडे नेली.

गजूमिस्त्रीचं गॅरेज म्हणजे कडुनिंबाखाली टिनाचं शेड आणि गिऱ्हाइकाला बसायला एक बाकडं. त्याची तपासायची पद्धत डॉक्टरसारखी. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे.

"सर, गाडी बोलून राह्यली," डोळे न उघडता तो म्हणाला.

"काय म्हणते?"

"म्हणते, बारा वर्षं झाले, हे मानूस पेट्रोल टाकते, पन मले ऐकून नाही घेत."

"गजूभाऊ, आवाज बंद झाला पाहिजे. बाकी तिचं काय म्हणणं असेल ते तुम्ही ऐकून घ्या."

"टेन्शन नका घेऊ. मस्त ट्यूनिंग करून देतो. बाजूनं गेली तं मांजरालेही समजलं नाही पाह्यजे!"

दुसऱ्या दिवशी गाडी मिळाली. नवा सायलेन्सर, कार्बोरेटर साफ, टॅपेट सेट. आवाज जवळजवळ नव्हताच. रस्त्याने जाताना मी दोनदा खाली वाकून गाडी चालू आहे की नाही ते पाहिलं. एका म्हशीने मला वाट दिली नाही, कारण मी आलोय हे तिला कळलंच नाही! अशा थाटात मी आमच्या कॉलनीच्या पाण्याच्या टाकीपर्यंत आलो. तिथून आमच्या घरापर्यंत उतार आहे. वळण घ्यायला मी रेस सोडली आणि गाडीने जीव सोडला.

मी मनातल्या मनात गजूमिस्त्रीला शिव्या दिल्या. (मनातही हळू आवाजात.) पण उतार असल्याने गाडी आपली घरंगळत निघाली, आणि फाटक उघडंच होतं, म्हणून थेट अंगणात जाऊन थांबली. मी उतरलो, स्टँड लावला आणि घरातून हसण्याचा आवाज आला.

आमच्या घरातून! मी घराचा नंबर पाहिला. आमचाच होता.

वैशाखाचे दिवस. संध्याकाळी कूलर बंद करून आम्ही खिडक्या उघडतो, त्यामुळे आतला शब्द न् शब्द बाहेर येत होता. माझी मुलगी प्राची बोलत होती. कॉलेजात शिकते, वय एकोणीस. पण आवाज तिचा नव्हता. माझा होता!

"हे घर आहे की आठवडी बाजार? भाजी चिरताना विळीचा आवाज झालाच पाहिजे का? श्श्!"

"अवं, चष्मा राह्यला न!" ही माझी बायको मंदा. "पह्यले चष्मा काढतात, धोतराच्या सोग्यानं पुसल्यासारखा शर्टानं पुसतात, मंग बोलतात."

पुन्हा हशा. त्यात माझ्या वडिलांचाही आवाज होता. आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आई गेल्यावर फुलसावंगीचं शेत चुलतभावाला लावून देऊन आमच्याकडे आले. माझ्याशी बोलताना त्यांच्याकडे दोनच शब्द असतात, 'हो' आणि 'बरं'. ते आता खोकला येईपर्यंत हसत होते. मंदाच्या हसण्याला शेवटी एक बारीक किंकाळी असते, हेही मी पार विसरलो होतो.

"बस कर वो आता," मंदा म्हणाली. "येतीन तुहे बाबा."

"टाकीपाशी गाडी वाजली की बंद करू न आई! चाळीस सेकंद भेटतात. आबा आडवे होतात, मी पुस्तक घेतो, तू चहा ठेवतं. रोजचंच हाय."

मी अंगणात तसाच उभा राहिलो. बारा वर्षं मी रोज घरी आल्यावर काय पाहत होतो? आबा पडलेले, मुलगी अभ्यास करतेय, गॅसवर चहा. मला वाटायचं, काय शिस्तीचं घर आहे! मी तर कॉलेजात लोकांना सांगायचो, घराला वळण लावावं लागतं म्हणून.

मी खोकलो.

आत एकदम धावपळ झाली. मी दार ढकललं तेव्हा आबा खाटेवर आडवे झाले होते, पण पाय उशीवर होते. प्राचीच्या हातात पुस्तक होतं, पण ते गॅस सिलिंडरचं. ती ते फार मन लावून वाचत होती.

"गाडी कुठं हाय तुमची?" मंदाने विचारलं.

"अंगणात."

"वाजली नाही!"

"ट्यूनिंग केलं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिला न विचारता घराची भिंत पाडून आलो होतो.

आता शहाण्या माणसाने दुसऱ्या दिवशी गजूमिस्त्रीकडे जाऊन गाडी नीट करून घेतली असती. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही टाकीपाशी रेस सोडली, गाडी बंद पडली आणि मी घरंगळत अंगणात आलो. खिडकीखाली उभा राहिलो. गाडीच्या आवाजाऐवजी घरचे आता माझ्या खोकल्यावर विसंबले होते. पहिल्या दिवशी राग होता, तो मला कबूल आहे. दुसऱ्या दिवशी मात्र मी चक्क वेळेच्या आधी निघालो होतो.

तिसऱ्या दिवशी आबा सांगत होते, "हा सुधाकर लहानपनी कसा होता म्हाईत हाय का तुमाले? पोयाले झडत्या म्हनाले पुढं हाच! बैलायच्या तोरनाखाली उभा राहून असा बोंबले, असा बोंबले, का अख्ख्या फुलसावंगीले आयकू जाय. लोकं म्हनत, आबाचं पोट्टं म्हंजे भोंगाच हाय!"

"बाबा? झडत्या?" प्राचीचा विश्वास बसेना.

"मले तं कधी नाही सांगितलं त्यायनं," मंदा म्हणाली.

"कसं सांगन? नोकरी लागली अन् आवाज गेला त्याचा," आबा म्हणाले.

मला ते आठवत होतं. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली उभं राहून यमकं जुळवलेल्या त्या झडत्या घसा फाटेस्तोवर ओरडलेलं सगळं आठवत होतं. मी घरात जाऊन 'आबा, अजून सांगा' म्हणायला हवं होतं. मी काय केलं? खोकलो.

पाचव्या दिवशी कळलं की अमरावतीला पंधरा दिवसांचं नाट्यशिबिर आहे आणि प्राचीला जायचं आहे.

"आई, शनिवारी शेवटची तारीख हाय."

"विचारीन मी त्यायले. मूड पाहून."

"आठवडा झाला, तू मूड पाहून राह्यली!"

मी खिडकीखाली ठरवून टाकलं की हो म्हणायचं. छोटंसं भाषणही तयार केलं, 'कलेला माझा विरोध कधीच नव्हता' असं सुरू होणारं. आता त्यांनी फक्त विचारायचं बाकी होतं. त्यांना सोपं जावं म्हणून रात्री जेवताना मी चेहरा प्रसन्न ठेवला. मंदा बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "पित्त झालं का तुमाले? सोडा देऊ का?"

कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आणि मीही बोललो नाही, कारण बोललो असतो तर मला हे कुठून कळलं, ते सांगावं लागलं असतं.

मग शनिवार आला. मी बाजारातून वांगी आणि कोथिंबीर घेऊन नेहमीसारखा बिनआवाज अंगणात उतरलो. बाहेर ऊन असं, की डोक्यावर हेल्मेट आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. ते काढायच्या आधीच आतलं बोलणं कानावर आलं.

"आज मी विचारतोच त्यायले," मंदा म्हणत होती.

"जाऊ दे वो आई," प्राची म्हणाली. आज ती माझ्या आवाजात बोलत नव्हती. "बाबाले विचारन्यापेक्षा नाही गेलेलं परवडते."

मी नीट ऐकायला खिडकीच्या अजून जवळ सरकलो. आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या ढोलेकाकू कुरडया गोळा करायला आल्या. आमच्या अंगणात ऊन जास्त येतं म्हणून त्या कुरडया आमच्याकडे वाळत घालतात. मोठी बाज, त्यावर जुनं लुगडं, त्यावर उन्हाळ्याची सगळी बेगमी. काकूंना दिसलं काय? हेल्मेट घातलेला, तोंड बांधलेला, हातात पिशवी घेऊन खिडकीला कान लावलेला माणूस!

"चोर! चोर! अवं मंदे, चोर घुसला वो!"

मी दचकून मागे सरलो. मागे बाज होती. मी कुरडयांवर बसलो. वाळलेल्या कुरडयांवर बसल्यावर जो आवाज होतो, तो माझ्या जुन्या गाडीलाही कधी जमला नव्हता!

कॉलनी गोळा झाली. आबा काठी घेऊन धावत बाहेर आले (गुडघे दुखतात म्हणून ते पंधरा दिवस देवळात गेले नव्हते) आणि त्यांनी माझ्या पाठीत एक ठेवून दिली. मी हेल्मेटच्या आतून "आबा, आबा!" म्हणत होतो, पण दुपट्ट्यातून नुसतं 'बाबाबा' बाहेर येत होतं. काकू ओरडत होत्या, कुत्री भुंकत होती, समोरचे गृहस्थ पोलिसांना फोन लावत होते. इतका कोलाहल मला सहन होत नाही. माझं बोट आपसूक वर गेलं, हेल्मेटच्या काचेवर टेकलं आणि मी सगळ्या कॉलनीला म्हणालो, "श्श्!"

एकदम शांतता पसरली.

"थांबा आबा, मारू नका!" प्राची ओरडली. "हे तं बाबा हायत!"

लोक हळूहळू पांगले. समोरच्या गृहस्थांनी फोन ठेवला, जरा नाराजीनेच. मी बाजेवरून उठलो, पँटला चिकटलेल्या कुरडया झटकल्या आणि सांगायला लागलो, "गाडी बंद पडते. टाकीपाशी. रेस सोडली की. मिस्त्रीने ट्यूनिंग चुकवलंय."

"कधीपासून बंद पडून राह्यली?" मंदाने विचारलं.

इथे खोटं बोलता आलं असतं. पण पाठ दुखत होती आणि सुचलं नाही. "आठ दिवस," मी म्हणालो.

प्राचीने मनात हिशेब केला. तिचा चेहरा उतरला.

"म्हंजे आठ दिवस तुमी खिडकीत उभे राहून ऐकून राह्यले? शिबिराचंही ऐकलं?"

मी पँटवरची आणखी एक कुरडई झटकली.

"अन् तरी बोलले नाही?"

ती आत गेली आणि खोलीचं दार लावून घेतलं. दार आपटलंही नाही. ती ते अगदी हळू, आवाज न करता लावून गेली. तसं लावायला तिला मीच शिकवलं होतं.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, आमच्या घरात जी शांतता होती, ती मी आयुष्यभर मागितलेली शांतता होती. टीव्ही नाही, भांडं नाही, कोणी खोकतही नव्हतं. मंदा खुणेने 'जेवायला वाढू का' विचारायची. आबांनी तर 'हो' आणि 'बरं'सुद्धा बंद केलं. मी वर्तमानपत्र घेऊन बसलो, एकच बातमी चारदा वाचली आणि ती कशाची होती ते आताही सांगता येणार नाही. ढोलेकाकूंनी दुपारी कुरडयांच्या चुऱ्याची भाजी करून आमच्याकडेच पाठवली. ती चौघांनी मुकाट्याने खाल्ली.

चार वाजता मी उठलो आणि गाडी घेऊन गजूमिस्त्रीकडे गेलो.

"हे तुमचं ट्यूनिंग! गाडी वाजत नाही!" मी जाताच सुनावलं.

गजूमिस्त्रीने पाना खाली ठेवला. "सर, बावीस वर्षं झाले मले या लाईनमधे. गाडी वाजते म्हनून लोकं भांडतात. वाजत नाही म्हनून भांडनारे तुमी पह्यले."

"मला जुना आवाज परत पाहिजे. तो भोकाचा सायलेन्सर लावा."

"तो गेला भंगारात."

"मग ह्याला भोक पाडा!"

"सर, बसा. पानी प्या."

मी बाकड्यावर बसलो. त्याने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, गाडी सुरू केली, रेस दिली, सोडली. गाडी पटकन बंद पडली. आता मात्र त्याचा चेहरा जरा ओशाळला. "स्लोचा स्क्रू जास्तच ढिला राह्यला वाटते. पन हे दोन मिनिटाचं काम होतं! तुमी दुसऱ्याच दिवशी काहून नाही आले?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी एका मोटरसायकल मिस्त्रीला का दिलं, हे मला अजून कळलेलं नाही. पण दिलं. खिडकी, नक्कल, झडत्या, शिबिर, कुरडया, सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदाही हात थांबवला नाही. स्क्रू फिरवला तर गाडी ट्रॅक्टरसारखी घोंगावायला लागली. परत उलटा फिरवला तर पुन्हा बंद. तिसऱ्यांदा कुठे तिला सूर सापडला.

"एक सांगू का सर? राग नका मानू," हात पुसत तो म्हणाला. "गाडी मी हवी तेवढी वाजवून देईन. पन तुमाले घरच्यायले सांगाचंच हाय ना का मी येऊन राह्यलो, तं हॉर्न आहे ना गाडीले! तो वाजवा!"

बारा वर्षांत मी त्या गाडीचा हॉर्न मोजून चार वेळा वाजवला असेल. संध्याकाळी टाकीपाशी थांबलो आणि जोरात दोनदा वाजवला. एक कुत्रं उठून बसलं. मग मी तिथेच उभा राहून चाळीसपर्यंत आकडे मोजले. येणारे जाणारे माझ्याकडे पाहत होते. काल चोर म्हणून पाहिलेला माणूस आज रस्त्यात उभा राहून आकडे मोजतोय, म्हणजे काल काठी डोक्याला लागली असणार, असंच त्यांना वाटलं असेल.

घरी पोहोचलो तर तिघंही जिथल्या तिथे बसली होती. कोणी आडवं झालं नाही, कोणी पुस्तक उचललं नाही. आता कशाला उचलतील?

तयार केलेलं भाषण कागदावर लिहून खिशात ठेवलं होतं, पण ते मला वाचवेना. "प्राची, चुकलो," मी म्हणालो. "मला पाचव्या दिवशीच कळलं होतं. तू विचारशील म्हणून वाट पाहत बसलो."

ती खाटेच्या दोरीशी चाळा करत राहिली.

"तारीख गेली?"

"गेली," ती म्हणाली. मग म्हणाली, "जूनमधे दुसरी बॅच हाय. पन तिथं पह्यले करून दाखवा लागते काहीतरी. मंग घेतात."

"मग माझी नक्कल करून दाखव! छान करतेस."

"तुमच्यासमोर? नाही बाप्पा!"

ती काही केल्या उठेना. मंदा खाली पाहत होती. तेव्हा मला काय झालं कोणास ठाऊक, मी खोलीच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला आणि म्हणालो, "हे घर आहे की आठवडी बाजार? श्श्!"

कोणीही हसलं नाही.

मी पुन्हा केलं, ह्या वेळी जरा मोठ्याने. प्राचीच्या कपाळाला आठी पडली. "बाबा, असं नाही," ती न राहवून म्हणाली. "तुमी लय ओढून ताणून करून राह्यले. चष्मा पुसताना तुमी खिडकीकडं पाहता. अन् 'श्श्' करताना मान वाकडी होते तुमची. थांबा, मी दाखवतो." आणि ती उठली, माझा चष्मा माझ्याच नाकावरून काढून घेतला आणि मी झाली. मग मंदा म्हणाली, "हट, तुले नाही जमत, इकडं आन तो चष्मा." मंदा मी झाली तेव्हा मला स्वतःलाच हसू आवरेना. इतक्या मोठ्याने हसलो, की ढोलेकाकू पुन्हा दारात येऊन पाहून गेल्या.

मी अजून एकदा प्रयत्न करून पाहिला. आबा खाटेवर उठून बसले होते. त्यांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी एक पूर्ण वाक्य बोलले.

"सुधाकरा, राहू दे. तुले काही सुधाकर जमत नाही."

प्राची जूनमध्ये अमरावतीला जाऊन आली. घरात तो प्रयोग आता रविवारी होतो आणि माझं काम एकमताने मंदाकडे गेलं आहे. मी समोर बसून टाळ्या वाजवतो. आणि तिचा तो सुधाकर पाहताना दरवेळी मनात येतं, काय वल्ली माणूस आहे हा! अशा माणसासोबत एका घरात पंचवीस वर्षं काढायची म्हणजे कमालच आहे. मला तर बुवा आठ दिवससुद्धा जमलं नसतं!